लहान मुलं घेऊन बदलापूरला राहायला जायचंय? ठरवण्याआधी हे करून बघा

परळच्या आमच्या खोलीत मुलगी भिंत धरून चालायला शिकली, कारण भिंतीपासून दूर चालायला जागाच नव्हती. सव्वादोनशे फुटांत सासू-सासरे, आम्ही दोघं आणि ती. २०१९च्या जूनमध्ये आम्ही तिघं बदलापूरला भाड्याने राहायला गेलो. आज तिथेच स्वतःच्या घरात आहोत. मधल्या काळात एक घर बदललं, एक पूर पाहिला, आणि एकदा मी नोकरीचा राजीनामा लिहून तो पर्समध्ये घेऊन तीन दिवस फिरले.

गिरगाव, लालबाग, दादरहून निघायचा विचार करणाऱ्या ओळखीच्या मंडळींचे फोन येतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "तिकडे फुटाला काय भाव चाललाय?" भाव कुठलाही एजंट सांगेल. तो ज्या गोष्टी सांगणार नाही त्या इथे लिहिते. उदाहरणं बदलापूरची आहेत, कारण तेच मला नीट माहीत आहे. वांगणी, नेरळ, टिटवाळा, विरार-पालघरकडे जाणाऱ्यांनी नावं बदलून वाचावं.

पहिली पायरी: मुलाच्या जागेपणीचे तास मोजा

घराचे फूट मोजण्याआधी हे करा. एका कागदावर मूल सकाळी कधी उठतं आणि रात्री कधी झोपतं ते लिहा. मग आई घरातून कधी निघते, कधी परत येते, आणि बाबांचंही तसंच. मूल जागं असताना प्रत्येक पालक किती वेळ घरात असतो, हे आत्ताच्या घरासाठी एकदा आणि नव्या घरासाठी एकदा मांडा.

माझं मांडते. ऑफिस फोर्टला, वेळ साडेनऊ ते सहा. मुलगी सातला उठायची, साडेनऊला झोपायची. परळहून मी साडेआठला निघायचे आणि सातला घरी असायचे. म्हणजे सकाळी दीड तास, संध्याकाळी अडीच, एकूण चार तास. बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. जलद लोकलने साधारण दीड तास, धीमी मिळाली तर पावणेदोन. जलद असली तरी कल्याणच्या पुढे प्रत्येक स्टेशनला थांबते, हे नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. त्यात घर ते स्टेशन रिक्षाची पंधरा मिनिटं, फलाटावरची दहा आणि उतरल्यावर चालायची पंधरा धरा. दारापासून दारापर्यंत दोन तास दहा मिनिटं. मी सात वीसला निघू लागले आणि परतायला साडेआठ वाजू लागले. सकाळची वीस मिनिटं आणि रात्रीचा एक तास, झाले एक तास वीस मिनिटं. चारावरून सव्वावर.

दिवसाला दोन तास चाळीस मिनिटांचा फरक. महिन्याचे बावीस कामाचे दिवस धरले तर जवळजवळ एकोणसाठ तास. जास्तीच्या खोलीची आणि बाल्कनीची खरी किंमत ही होती, आणि तिथे जाण्याआधी आम्ही ती एकदाही कागदावर मांडली नव्हती.

हा आकडा बघून घाबरून जाऊ नका. माझ्या नवऱ्याचं ऑफिस ठाण्याला. बदलापूरहून ठाण्याला पोचायला त्याला पाऊण ते एक तास लागतो, त्यामुळे त्याचे तास फारसे घटले नाहीत. सकाळचं आवरणं, शाळेत सोडणं त्याने अंगावर घेतलं म्हणून आमचं घर चाललं. दोघांपैकी एकाचं काम ठाणे, कल्याण, डोंबिवली किंवा अंबरनाथच्या बाजूला असेल, किंवा आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम असेल, तर हिशेब पुष्कळ बरा दिसतो. नवी मुंबईत काम असेल तर काटई रस्त्याने दुचाकी किंवा कंपनीची बस हा पर्याय असतो, पण तो रस्ता पावसाळ्यात एकदा स्वतः करून बघा. दोघंही दक्षिण मुंबईत, दोघांच्या वेळा पक्क्या आणि मूल चार वर्षांच्या आतलं असेल, तर माझं स्पष्ट मत आहे: दोन-तीन वर्षं थांबा.

दुसरी पायरी: घर बघायच्या आधी आठवडाभर प्रवास करा

बहुतेक जण रविवारी दुपारी घर बघायला येतात. गाडी रिकामी, रस्ते मोकळे, बाल्कनीतून डोंगर दिसतो, खाली मुलं सायकल चालवत असतात. त्या तासाला बदलापूर खरंच सुंदर दिसतं, आणि टोकनचे पैसे त्याच तासाला दिले जातात.

त्याऐवजी पाच दिवस उलटा प्रवास करा. शक्य असेल तर कुणा नातेवाइकाकडे बदलापूर-अंबरनाथला आठवडाभर मुक्काम करा आणि तिथून रोज ऑफिसला जा. मुक्कामाची सोय नसेल तर किमान दोन दिवस भल्या पहाटे पोचून सकाळच्या गर्दीची लोकल बदलापूरहून पकडा.

काही गोष्टी तेव्हाच कळतील. बदलापूरहून सुटणारी लोकल आणि कर्जत-खोपोलीहून येणारी लोकल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मागून येणारी गाडी भरूनच येते. सुटणारीत जागा मिळेल असं वाटतं, पण अंबरनाथचे बरेच लोक उलटे बदलापूरला येऊन त्याच गाडीने रिटर्न जातात, त्यामुळे गाडी फलाटाला लागते तेव्हाच खिडक्या गेलेल्या असतात. तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळाली तरी ठाण्यापर्यंत अर्धं अंग बाहेर. महिलांच्या डब्यात ग्रुप असतात, त्यांच्या ठरलेल्या जागा असतात. पहिले दोन महिने परक्यासारखं वाटतं, नंतर त्याच बायका तुमची बॅग धरतात आणि तुमच्या मुलीच्या तापाची चौकशी करतात. हे मी अनुभवाने सांगते.

येताना एक शुक्रवार निवडा. घाईच्या वेळी दादर किंवा घाटकोपरला चढून बघा. गरोदर असाल, किंवा वर्षभरात दुसऱ्या मुलाचा विचार असेल, तर हा प्रवास नवव्या महिन्यापर्यंत करायचा आहे हे डोळ्यांसमोर ठेवून करा. रात्री दहानंतर स्टेशनवर उतरून घरापर्यंत जाऊन बघा. शेअर रिक्षा त्या भागात जाते का, एकट्या बाईला किती पैसे सांगतात, रस्त्यावर दिवे आहेत का, हे तेव्हाच दिसतं.

रेल्वेची तिसरी-चौथी मार्गिका, कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रो १४, नवे महामार्ग, अशी नावं प्रत्येक बिल्डरच्या पत्रकावर असतात. ती होतील तेव्हा आनंदच आहे. पण तीन वर्षांच्या मुलाचं बालपण भूमिपूजनाच्या तारखांवर ठरवू नका. आज धावणाऱ्या गाड्यांवरच हिशेब मांडा.

तिसरी पायरी: हाकेच्या अंतरावर कोण आहे?

मंगळवारी दुपारी बारा वाजता शाळेतून फोन आला की मुलाला उलटी झाली आहे, घेऊन जा. तिथे वीस मिनिटांत कोण पोचेल? हे नाव लिहिता येत नसेल तर पुढचं काही ठरवू नका.

परळला हा प्रश्न कधी पडला नव्हता, कारण शेजारच्या मावशी, समोरच्या काकू आणि घरात सासूबाई होत्या. चाळ सोडताना आपण हे सगळं मागे ठेवून येतो आणि ते कुठल्याच हिशेबात धरत नाही. बदलापूरला पहिल्या चार महिन्यांत दोनदा असं झालं की मी फोर्टहून आणि नवरा ठाण्याहून धावत निघालो आणि पाळणाघराच्या ताईंनी तापलेल्या मुलीला मांडीवर घेऊन बसवलं होतं. राजीनामा लिहिला तो तेव्हाच. घर लांब गेलं की नोकरी बहुतेक वेळा बाईचीच सुटते. कुणी तिला सोड म्हणत नाही, ती आपसूक सुटते. तेव्हा घर घेण्याआधीच दोघांनी बसून बोला: रात्री उशिरा गाडी बंद पडली तर कोण लवकर निघालेलं असेल, महिन्यातून किती रजा कुणाच्या खात्यातून जाईल, आणि एकाचाच पगार राहिला तर हप्ता निघेल का.

आजी-आजोबा सोबत येणार असतील तर त्यांना गृहीत धरू नका, विचारा. माझ्या सासूबाई दोन वर्षांनी आल्या. परळचा बाजार, भजनी मंडळ आणि चाळीस वर्षांच्या मैत्रिणी सोडून आल्या. त्यांच्यासाठी आम्ही लिफ्ट असलेलं, मंदिर आणि भाजीबाजार चालत गाठता येईल असं घर शोधलं. मुलांसाठी मोठं मैदान आणि आजीसाठी बसायला कट्टा असलेली इमारत मिळाली तर चार पैसे जास्त द्या.

पाळणाघर शोधताना संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडं असतं, हा पहिला प्रश्न विचारा. सातला बंद होणारं पाळणाघर साडेआठला पोचणाऱ्या आईच्या कामाचं नाही. दुसरा प्रश्न: लोकल बंद पडल्या तर मूल कुणाकडे राहील? चांगल्या पाळणाघराकडे याचं उत्तर तयार असतं. तुमच्या कंपनीत ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर कायद्याप्रमाणे पाळणाघराची सोय करणं कंपनीवर बंधनकारक आहे. मनुष्यबळ विभागाला लेखी विचारा. फार थोड्या आया हे विचारतात.

डॉक्टरांचंही इथेच बघून घ्या. बालरोगतज्ज्ञ बदलापुरात भरपूर आहेत आणि साध्या आजारांना अडचण येत नाही. शहरात ग्रामीण रुग्णालय आहे, मोठं सरकारी म्हणजे उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय. पण नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग, लहान मुलांची शस्त्रक्रिया अशी वेळ आली तर कुठे न्यायचं, आणि रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेला किती वेळ लागेल, हे तुमच्या बालरोगतज्ज्ञांनाच विचारून घ्या. मुलाला दमा, फिट्स किंवा जन्मापासूनचा काही त्रास असेल तर याच एका उत्तरावर निर्णय फिरू शकतो.

चौथी पायरी: पाणी

आमचं पहिलं घर पश्चिमेला बॅरेज रोडच्या बाजूला होतं, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून झाडी दिसायची, संध्याकाळी गार वारा यायचा. नदी जवळ आहे हे ऐकून आम्ही खूश झालो होतो.

२६ जुलै २०१९, शुक्रवार. रात्रीच्या पावसात गाड्या थांबल्या आणि मी डोंबिवलीला एका सहकारी मैत्रिणीच्या घरी अडकले. नवरा आणि मुलगी घरी होते. पहाटेपर्यंत पार्किंगमध्ये छातीएवढं पाणी, वीज गेलेली, तळमजल्यावरची दोन कुटुंबं आमच्या हॉलमध्ये. त्याच रात्री बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती. दुसऱ्या दिवशी हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढलं, त्यासाठी एनडीआरएफ, नौदल, हवाई दल आलं होतं. मुलगी अजून सांगते, "आई नव्हती आणि हेलिकॉप्टर आलं होतं." शनिवारी दुपारी मी घरी पोचले तेव्हा ती शेजारच्या आजींच्या मांडीवर कोरडी बिस्किटं खात होती.

उल्हास नदी खंडाळा-राजमाचीच्या डोंगरात उगम पावून कर्जत-नेरळवरून बदलापूरला येते. त्यामुळे तुमच्या खिडकीबाहेर पाऊस उघडलेला असला तरी घाटात तो कोसळत असेल तर नदी चढते. बदलापूरला तिची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोक्याची १७.५० मीटर आहे. पावसाळ्यात स्थानिक बातम्यांत हे आकडे रोज येतात. २००५, २०१९ आणि २०२१ हे तीन जुलै लक्षात ठेवा, आणि घर बघताना त्यांच्याबद्दल विचारा.

कुणाला विचारायचं? एजंटला नाही. इमारतीच्या तळमजल्यावरच्या घरात, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला, पिठाच्या गिरणीत. "पाणी कुठपर्यंत आलं होतं?" असं विचारा, "आलं होतं का?" असं नको. लोक हात करून दाखवतात. कंपाउंडच्या भिंतीवर ओलीचा पट्टा, मीटरच्या पेट्या नंतर वर सरकवल्याच्या खुणा, लिफ्टच्या दाराच्या खालच्या कडेला गंज, हे स्वतः बघा. पश्चिमेचे हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवली, बॅरेज रोड हे भाग बघत असाल तर हे काम दुप्पट काळजीने करा. पश्चिमेत उंचावरचे चांगले भागही आहेत, सगळी पश्चिम वाईट असं कुणी सांगितलं तर तेही खरं मानू नका.

जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. निळी पूररेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तुमच्या इमारतीचा सर्व्हे नंबर घेऊन नगरपरिषदेच्या नगररचना विभागात जा आणि तो कुठल्या रेषेच्या आत आहे ते नकाशावर बघा. अर्धा दिवस जातो. आम्ही दुसऱ्या वेळी तो घालवला.

आता नळाचं पाणी. बदलापूर आणि अंबरनाथला नगरपरिषद स्वतः पाणी देत नाही, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण देतं. कागदावर सगळ्या इमारतींना जोडणी असते. खरी स्थिती कळण्याचा एकच मार्ग: सोसायटीच्या सचिवांकडे मागच्या एप्रिल-मे महिन्यांची टँकरची बिलं मागा. बिलं दाखवायला टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालंच. तान्हं बाळ असलेल्या घरात दिवसाआड पाणी म्हणजे काय हे सांगायला नको.

पाचवी पायरी: एकदा मध्यरात्री आणि एकदा मे महिन्यात जा

बदलापूर आणि अंबरनाथ दोन्हीकडे रासायनिक कारखाने असलेल्या औद्योगिक वसाहती आहेत. बदलापूर पूर्वेला खरवई आणि माणकिवली. उग्र वास दिवसा जाणवला नाही तरी रात्री आणि थंडीत जाणवतो, कारण तेव्हा हवा खाली साचते. रात्री साडेअकरा-बाराला त्या इमारतीखाली अर्धा तास उभं राहा. मुलाला श्वासाचा त्रास असेल तर हे दोन-तीन वेगवेगळ्या रात्री करा.

समुद्राचा वारा इथवर पोचत नाही. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. वरच्या मजल्याचं पश्चिमेकडे तोंड असलेलं घर स्वस्तात मिळत असेल तर एप्रिलच्या दुपारी चार वाजता त्याच्या भिंतीला हात लावून बघा. वीज महावितरणची. देखभालीसाठी पुरवठा बंद ठेवायचा दिवस बहुधा शुक्रवार असतो, त्यामुळे घरून काम करणाऱ्यांनी इन्व्हर्टरचा खर्च धरावा.

थंडी मात्र खरी पडते. मुंबईत वाढलेल्या मुलांना डिसेंबरात स्वेटर घालायची हौस इथे भागते.

सहावी पायरी: शाळा

शाळा ठरल्याशिवाय भाग ठरवू नका. शाळा घरापासून चालत किंवा रिक्षाने दहा मिनिटांत असली की आई-बाबांच्या प्रवासाचा ताण मुलावर निम्मा येतो. पूर्वेच्या टोकाला घर आणि पश्चिमेच्या टोकाला शाळा असेल तर मूल रोज रेल्वेचा उड्डाणपूल ओलांडणार, आणि तिथली संध्याकाळची कोंडी तुम्ही बघितलीच असेल.

मान्यता तपासा. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला सरकारी नोंदीतला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो. तो मागा. नव्या वस्त्यांत मोठ्या नावाच्या पाट्या लावून बालवाड्या निघतात, आणि पहिलीला पोचल्यावर कळतं की पुढच्या वर्गांना परवानगीच नाही. खासगी विनाअनुदानित शाळांत शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी २५ टक्के जागा असतात. तुम्ही त्यात बसत असाल तर अर्जासाठी घर ते शाळा अंतर धरलं जातं, म्हणून भाडेकरारावरचा पत्ता अर्जाच्या आधी पक्का हवा.

ऑगस्ट २०२४मध्ये बदलापुरातल्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाले. सगळं शहर रेल्वे रुळांवर उतरलं होतं. त्यानंतर राज्य सरकारने शाळांना सीसीटीव्ही आणि सखी सावित्री समिती, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेकडे लक्ष देणारी शाळेतली समिती, सक्तीची केली. तुम्ही बदलापूरला येत असा किंवा ठाण्यातच राहत असा, शाळेत प्रवेश घेताना हे प्रश्न मुख्याध्यापकांसमोर बसून विचारा: छोट्या मुलींच्या स्वच्छतागृहाजवळ महिला सेविका पूर्ण वेळ असते का? सफाई कर्मचारी कुणी नेमले, पोलीस पडताळणी झाली का? कॅमेऱ्याचं चित्रण किती दिवस ठेवतात, कोण बघतं? सखी सावित्री समितीत पालक प्रतिनिधी कोण, त्यांचा फोन मिळेल का? बसमध्ये महिला मदतनीस शेवटचं मूल उतरेपर्यंत असते का? प्रश्नांचा राग येणाऱ्या शाळेतून उठून या. आम्ही अशा एका शाळेतून उठलो, आणि मुलगी आता जिथे जाते तिथल्या बाईंनी न विचारता आम्हाला सगळा परिसर फिरवून दाखवला.

मराठी माध्यमाच्या चांगल्या, भरलेल्या शाळा इथे अजून आहेत. वर्गातली मुलं, रिक्षावाले काका, दुकानदार सगळे मराठी बोलतात. ग्रंथसखासारखं वाचनालय गावात आहे. ज्यांना आपल्या मुलांनी मराठीत वाढावं असं वाटतं त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे, निदान आमच्यासाठी होती.

सातवी पायरी: आधी अकरा महिने भाड्याने

हे मी ज्याला-त्याला हात जोडून सांगते. परळची खोली विकू नका, लगेच घर घेऊ नका. मे-जूनमध्ये भाड्याने या, म्हणजे पहिल्याच महिन्यांत पावसाळा अंगावरून जाईल. आम्ही भाड्याने होतो म्हणून २०१९च्या पुरानंतर दिवाळीपर्यंत पूर्वेला कात्रपच्या बाजूला जाऊ शकलो. बॅरेज रोडच्या त्याच इमारतीत कर्ज काढून घर घेतलेलं एक जोडपं अजून तिथेच आहे. दर जुलैत सामान माळ्यावर चढवतं.

करारात दोन गोष्टी बघा. घर सोडण्याची सूचना एका महिन्याची असावी, आणि सक्तीने राहायचा काळ दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त नसावा. कराराची नोंदणी महाराष्ट्रात बंधनकारक आहे आणि ती करून घेणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. नोटरीच्या कागदावर भागवू म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. शाळा, गॅस, आधार सगळीकडे नोंदणीकृत करारच कामाला येतो.

या अकरा महिन्यांत दर रविवारी मुलांना घेऊन वेगवेगळ्या भागांत चालत फिरा. कोंडेश्वर, भोज धरण, बारवीचा रस्ता. जूनच्या सुरुवातीला बाजारात बदलापूरची जांभळं येतात, त्यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. मुलांचे जांभळे ओठ बघून गावाशी नातं जुळतं. नातं जुळलं नाही, तर तेही अकरा महिन्यांत कळतं.

आठवी पायरी: घ्यायचं ठरलं तर

हप्ता आधी बघा. ३० लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के व्याज, म्हणजे महिन्याला सुमारे २६,००० रुपये. यावर सोसायटीचा देखभाल खर्च, दोघांचे पास, रोजची रिक्षा, पाळणाघर आणि मुंबईच्या जास्तीच्या खेपा मिळवा. ३० लाखांहून मोठं कर्ज असेल तर बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणून ४० लाखांच्या घराला तुमचे ८ लाख हवेत. मुद्रांक शुल्क त्यात धरलेलं नाही. नोंदणी शुल्क १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. निवासी घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ४० लाखांवर हे ४०,००० रुपये होतात, आणि घर तिच्या नावावर होतं.

बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो. मुंबई महानगर प्रदेशात घराचं चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) ६० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे जवळपास ६४५ चौरस फूट, आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर १ टक्का, नाहीतर ५ टक्के. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला तयार असल्याचा दाखला, मिळालेल्या तयार घरावर काहीच नाही. लहान मुलं असलेल्यांनी तयार घरच घ्यावं असं माझं मत आहे. चालू बांधकामात भाडं आणि कर्जाचं व्याज एकत्र भरावं लागतं, ताबा लांबतो, आणि शाळेचा प्रवेश मात्र लांबवता येत नाही.

महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली होती. नोव्हेंबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला, आणि आत राहणारी कुटुंबं हप्ते भरत होती. म्हणून बांधकाम परवानगीचा क्रमांक आणि तारीख घेऊन नगरपरिषदेच्या नगररचना विभागात ती खरी आहे का हे स्वतः जाऊन विचारा. सातबारा, बिगरशेती आदेश, जुन्या घराचे आधीचे सगळे करार, इंडेक्स टू (व्यवहाराच्या नोंदणीचा उतारा), हे आपल्या वकिलाकडून तपासून घ्या, बिल्डरच्या वकिलाकडून नको. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हे पहिल्याच भेटीत बोलून दाखवा.

सामान हलवताना

शाळेच्या वर्षात मध्येच हलवू नका. एप्रिलअखेर शाळा संपली की शाळा सोडल्याचा दाखला घ्या, मे महिन्यात हला, म्हणजे मुलांना नवी गल्ली ओळखीची व्हायला महिना मिळतो. पहिल्याच आठवड्यात इमारतीतल्या तीन घरी मुलांना घेऊन जा, ओळख करून घ्या, फोन नंबर घ्या. मतदार यादीतला पत्ता बदलायला अर्ज क्रमांक ८ भरा. गॅस, आधार, शिधापत्रिका नंतर सावकाश झालं तरी चालतं.

बाळाचं लसीकरणाचं कार्ड मात्र खोक्यात टाकू नका, स्वतःच्या पिशवीत ठेवा. आमचं टेम्पोतल्या एकवीस खोक्यांपैकी कुठल्या तरी एकात गेलं होतं, आणि नव्या डॉक्टरांना मुलीला कुठली लस कधी दिली ते आठवणीतून सांगावं लागलं. दोन फोटो काढून नवऱ्याच्या आणि आजीच्या फोनमध्येही ठेवा.